उन्हात जुळवलेला रंग

नंदुरबारच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत दाऊद रफूवाल्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक अंधारी खोली आणि तिच्यापुढे दगडी ओटा. शालूवर उदबत्तीची ठिणगी पडली, कोटाला उंदीर लागला, नवरदेवाची शेरवानी मांडवाच्या खिळ्याला अडकून फाटली, की माणसं दाऊदकडे येतात. तापीकाठच्या गुजर घरांतल्या बायका तर सासूकडून आलेले शालू डोळे झाकून त्याच्या हवाली करतात. काम झालं की दाऊद कापड गिऱ्हाइकासमोर पसरायचा, भिंतीला टेकून बसायचा आणि म्हणायचा, "धुंडा. सापडनं तं फुकट."

कुणाला सापडत नसे. गिऱ्हाईक कापड उलटंपालटं करी, बोटं फिरवी, चष्मा लावी आणि शेवटी हसून हात जोडी. त्या हसण्यावर दाऊद जगत होता म्हटलं तरी चालेल. भाकरीवर तर सगळेच जगतात.

रफूची सगळी करामत दोन गोष्टींत आहे. पहिली गोष्ट विणीची. जळका भाग मुकाट्याने कापून काढायचा, आजूबाजूचे धागे बघायचे आणि वीण जशी होती तशीच पुन्हा विणायची. दुसरी रंगाची. त्याच कापडाच्या काठातून धागा मिळाला तर उत्तम, नाहीतर डब्यातल्या जुन्या धाग्यांतून तोच रंग शोधायचा, आणि तो शोधायचा भर दुपारच्या उन्हात. "दिवा खोटं बोलस, ऊन खरं बोलस," असं दाऊदचे वडील आफताबमियाँ सांगून गेले होते. हा घराण्याचा नेम होता आणि दाऊदने तो कधी मोडला नाही. मोडला असता तर किती बरं झालं असतं, हे त्याला फार उशिरा कळलं.

चाळिशी लागली तशी दाऊदची नजर जवळचं पाहायला कुचराई करू लागली. सुईच्या नेढ्यात धागा जाईना. रंग तर असे फसवू लागले की डाळिंबी आणि मेहरून त्याला एकाच आईची लेकरं वाटू लागली. पण अल्लाने नजर एका हाताने काढून घेतली आणि दुसऱ्या हाताने त्याच्या लेकीला दिली. अलिशा शाळेत जायच्या आधीपासून ओट्यावर बसून धागे निवडायची. लाल म्हणजे काय एकच लाल असतो? वाळवणाच्या पथारीवर पहिल्या दिवशी पसरलेली मिरची वेगळी लाल, वाळून चुरचुरीत झालेली वेगळी लाल. ती पोर बोटाने डबा चाळायची आणि एक धागा उचलून म्हणायची, "हाऊ." तो हमखास तोच असायचा. गिऱ्हाइकांनी तिचं कौतुक केलं की दाऊद मिशीत हसायचा.

तिचा रंग गोरा आणि त्या गोऱ्या तोंडावर बारीक तपकिरी ठिपके. आधी नाकावर, मग गालांवर, मग हातांच्या पाठीवर. शाळेतल्या पोरी तिला ठिपकेवाली म्हणत आणि मग वहीतली गणितं सोडवून घ्यायला तिच्याकडेच येत. अलिशा चिडत नसे. ठिपक्यांचं तिला काही नव्हतं. तिची तक्रार वेगळीच होती.

"अब्बा, ऊन चावस," ती म्हणायची.

"चावस? ऊनले काय दात शेत का?"

"डोया बी झोंबतस."

आता नंदुरबारात राहून डोळे झोंबतात ही तक्रार कोण मनावर घेणार? मिरचीच्या हंगामात गावाबाहेरच्या पथाऱ्या लालभडक होतात, वारा फिरला की आख्खं गाव शिंकतं, पाहुणा आला तर त्याचे डोळे गळू लागतात आणि घरची माणसं हसतात. दाऊदची बायको शमा तर हंगामभर पथारीवर मिरचीचे देठ खुडायला जायची. संध्याकाळी ती आली की घरभर ठसका. तेव्हा दाऊदने लेकीला ठणकावून सांगितलं, "मिरचीना हंगाम शे. आख्खा गावना डोया झोंबी ऱ्हायनात. तू एकलीच काय नवाबनी पोर शे? कामचोर कोठली!"

हंगाम सरला, पथाऱ्या उठल्या, पावसाळा आला. अलिशाचे डोळे लालच राहिले. पण एकदा कामचोर म्हटलं की म्हणणाऱ्याला पुन्हा विचार करायची गरज उरत नाही.

एक दुपार मात्र दाऊदच्या मनात खिळ्यासारखी रुतून बसायची होती. तापीबाई नावाच्या एका गुजर घरच्या म्हातारीचा शालू आला होता. अलिशा ओट्यावर आली ती ओढणी तोंडावरून घेऊन, नुसते डोळे उघडे ठेवून. ओढणी हिरवी होती. तिचा हिरवा उजेड धाग्यावर पडत होता आणि धाग्याचा रंग बिघडत होता. दाऊदने दोनदा सांगितलं, काढ. तिने काढली नाही. तिसऱ्या वेळी त्याने हात लांब करून ती ओढणी खसकन ओढली आणि खोलीत भिरकावून दिली. पोरीचं तोंड उन्हात उघडं पडलं. तिने डोळे घट्ट मिटले, मग उघडले आणि धागा निवडून दिला. तापीबाई समोर बसून बघत होती.

घरी शमा कधी विचारायची, पोर दुपारी काय करते? दाऊद म्हणायचा, दुकानात सावलीत बसते. खोलीत सावली होतीच. तो अगदी खोटं बोलत होता असंही नाही आणि खरं तर मुळीच बोलत नव्हता.

अलिशा सातवीत गेली त्या वर्षी तिच्या नाकाच्या शेंड्याजवळ एक फोड आला. खपली धरायची, पडायची, पुन्हा रक्त. हळद झाली, कोरफड झाली, कुणी सांगितलेलं मलम झालं. शेवटी शमाने हट्ट धरला आणि पोरीला अजित डॉक्टरांकडे नेलं. हे कातडीचे डॉक्टर, गावातलेच, कमी बोलणारे. त्यांनी भिंगातून तिचं तोंड पाहिलं, हात पाहिले, डोळे पाहिले आणि चेहरा गंभीर केला. फोड काढून टाकला, तो तपासायला पाठवला, रक्तही कुठल्याशा मोठ्या शहरात धाडलं. फोड साधा नव्हता. वेळेवर निघाला म्हणून निभावलं.

रक्ताचा अहवाल आला त्या दिवशी शमाला पथारीवरून सुटी मिळाली नाही. दाऊद आणि अलिशा दोघंच गेले.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, झिरोडर्मा पिगमेंटोसम. नाव ऐकून दाऊदला काहीच बोध झाला नाही. मग डॉक्टरांनी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला.

"दाऊदभाई, आपल्या प्रत्येक पेशीत एक लांबच लांब दुपदरी धागा असतो. शरीर कसं घडवायचं ते सगळं त्याच्यात असतं. ऊन लागलं की या धाग्यात जागोजागी बिघाड होतो. शेजारशेजारचे दोन दुवे एकमेकांना चिकटतात आणि तिथे धागा वाकडा होतो. तुमच्या माझ्या अंगात हे रोज होतं."

"रोज?"

"रोज. आणि रोज दुरुस्तही होतं. आधी एक प्रथिन वाकडी जागा हुडकतं. मग हे येतं." त्यांनी पडद्यावरच्या एका चित्रावर बोट ठेवलं. रंगीत गुंडाळ्या-गुंडाळ्यांचं काहीतरी होतं ते, चार भाग एकमेकांना बिलगलेले आणि मधोमध भोक. "हे विकर, एन्झाइम म्हणतात ते. याचं नाव एक्सपीडी. हे दुपदरी धागा उसवतं आणि त्यातला एक पदर या भोकातून ओढत पुढे सरकतं. धागा चांगला असेल तर सरसर जातो. बिघडलेली जागा आली की अडकतो. तो अडकला की खूण पटते, बिघाड इथेच आहे. मग दुसरी विकरं कात्रीसारखी दोन्ही बाजूंनी कापतात, तेवढा तुकडा निघून जातो, समोरच्या चांगल्या पदरावर बघून नवा पदर विणला जातो आणि शेवटी टोकं सांधली जातात."

दाऊद चित्राकडे बघतच राहिला. ते भोक त्याने आयुष्यभर बोटांत धरलं होतं. धागा नेढ्यातून जाताना कुठे गाठ असेल तर तो अडकतो, आणि अडकला की बोटांना कळतं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

"साहेब, हाऊ तं रफू शे," तो हलक्या आवाजात म्हणाला.

"अगदी बरोबर. रफूच." डॉक्टर पहिल्यांदा हसले. "हे विकर कसं घडवायचं, त्याच्या सूचनेतच अलिशाच्या अंगात चूक आहे. एक चुकीची प्रत तुमच्याकडून आली, एक तिच्या आईकडून. तुमच्याकडे एकेक चांगली प्रतही आहे, म्हणून तुम्हाला दोघांना काही झालं नाही. तिला दोन्ही सदोष मिळाल्या. त्यामुळे या भोकाचा आकार किंचित बिघडलाय. धागा नीट सरकत नाही, बिघाड सापडत नाही. ऊन लागतं, धागा बिघडतो, आणि तो तसाच राहतो. त्यातूनच हे ठिपके, हे डोळे, आणि तो फोड."

उन्हाने रोज भोक पाडावं आणि रफूवाला जागेवर नसावा, अशी त्याची लेक होती. तिला त्याने रोज उन्हात बसवलं होतं, दुसऱ्यांच्या कापडांची भोकं बुजवायला. आणि ती सांगत होती. बोलायला लागल्यापासून सांगत होती.

"आता महत्त्वाचं," डॉक्टर पेन उचलून म्हणाले. "हे विकर बिघडलंय एवढं अहवाल सांगतो. ते अगदीच बंद आहे की थोडंफार काम करतं, हे तिला आजवर किती ऊन लागलं त्यावरून मला ताडावं लागेल. नीट आठवून सांगा. उन्हात किती असायची?"

दाऊदने तोंड उघडलं. खरं जिभेवर आलंही होतं. पण समोर शिकलेला माणूस, त्याच्या हातात पेन, शेजारी नर्स उभी, आणि नाकावर पट्टी लावलेली लेक. दाऊदच्या कानशिलांत रक्त चढलं आणि जीभ आपोआप वळली.

"ऊनमा? नही साहेब. घरमाच ऱ्हास ती. शाळा अन् घर, बस."

अलिशाने मान वळवून बापाकडे बघितलं. एकदाच.

"खरं ना, बेटा?" डॉक्टरांनी विचारलं.

अलिशाने मान हलवली. हो म्हणाली.

डॉक्टरांनी लिहिलं आणि पेन मिटलं. "मग अवघड आहे. घरात राहूनही इतकं झालं असेल, तर हे विकर जवळजवळ बंदच असणार. जाण्यायेण्याचं ऊन, वर्गाच्या खिडक्या, पटांगण. मी हा धोका पत्करू शकत नाही. शाळा थांबवा. घरीच शिकू द्या." मग त्यांनी दाऊदच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही तिला इतकं जपलंत म्हणून आज ती समोर बसली आहे. सगळे बाप असं जपत नाहीत."

त्या हाताखाली दाऊद नुसता वितळला. धरणीने पोटात घ्यावं असं माणसं म्हणतात, ते त्याला त्या खुर्चीत बसल्या बसल्या खरोखर वाटलं.

घरी काळे पडदे लागले. शमाने रडून घेतलं आणि मग दात आवळून कामाला लागली. शाळेची रिक्षा सकाळी गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजवायची, त्या वेळी अलिशा पडद्याआड बसून वेण्या घालत असायची, जायचं नसताना. तिने कुणाकडे रडगाणं गायलं नाही. उलट रोज सकाळी दाऊद दुकानात निघाला की उंबऱ्याशी त्याची सुयांची चिमुकली उशी ठेवलेली असायची, आणि तिच्यात ओळीने टोचलेल्या सुया, प्रत्येकीत धागा ओवलेला. अब्बाला नेढं दिसत नाही म्हणून.

दाऊद ती उशी उचलायचा तेव्हा लेकीकडे बघायचा नाही. चोराच्या मनात चांदणं. तिने एखादा शब्द बोलावा, एकदा तोंड फुगवावं, असं त्याला वाटायचं. ती विचारायची, "आज काय काम शे, अब्बा?"

खरं सांगितलं तर शाळा कदाचित सुरू होईल, एवढी अक्कल त्याला होती. डॉक्टरांनी सरळच सांगितलं होतं की हिशेब उन्हावर आहे. पण रोज दुकानाची कडी काढताना तो स्वतःला म्हणायचा, उद्या जाईन. आणि शरम अशी वस्तू आहे की ती शिळी झाली म्हणून मऊ होत नाही, भाकरीसारखी कडकच होत जाते.

अशात तापीबाईचा शालू पुन्हा आला. नातवाच्या लग्नात पदराला ठिणगी लागली होती. दाऊदने डबा घेतला, ओट्यावर उन्हात बसला, धागे एकाआड एक धरून पाहिले. सगळे सारखेच. दिवस कलेपर्यंत तो बसला आणि मग जो बरा वाटला तो घेतला. तापीबाई न्यायला आली. शालू पसरला. दाऊद भिंतीला टेकला नाही आणि धुंडा म्हणालाही नाही. म्हातारीने बोट फिरवायच्या आधीच तिची नजर त्या जागेवर जाऊन थांबली.

"दाऊदभाई, हाऊ रफू दखास रे भाऊ."

दाऊद खाली मान घालून बसला.

"तुन्ही पोर कोठे गयी?" तापीबाईने विचारलं. "ती रंग बरोबर निवडे. आठेच तं बठे ती, दुपारना ऊनमा. बिचारीनं तोंड लालेलाल व्हई जाये. मी घर जाईसन सूनले सांगू, त्या रफूवालानी पोर भाजी निंघी एक दिन."

"माय, तू माले काबर नही सांगं?"

"काय सांगू रे? तुन्ही पोर, तुन्हं दुकान. अन् शालू तं मन्हाच व्हता ना." म्हातारीने शालूची घडी घातली आणि तीही खाली बघू लागली.

झाकली मूठ, झाकली मूठ म्हणून तो जी आवळून बसला होता, ती गल्लीने केव्हाच उघडी पाहिली होती. समोरच्या बांगडीवाल्याने पाहिलं होतं, येणाऱ्याजाणाऱ्याने पाहिलं होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त दोघांना, शमाला आणि डॉक्टरांना. आणि नेमकं त्या दोघांना ठाऊक असणं जरुरीचं होतं. दाऊदने तापीबाईकडून काही घेतलं नाही. दुकानाला कडी घालून तो घरी आला आणि म्हणाला, चला, दवाखान्यात जायचं आहे.

दिवस मावळायला थोडा अवकाश होता, म्हणून अलिशाने ओढणी तोंडावरून पुरती गुंडाळली. हीच ती हिरवी ओढणी. शमा काय झालं म्हणून विचारत राहिली. तो सांगेना.

डॉक्टरांच्या खोलीत तो खुर्चीवर बसला नाही. उभ्यानेच म्हणाला, "साहेब, मी खोटं बोलनू. पोर ऊनमा बठे. रोज. भर दुपारना. मीच बठाडू. रंग जुळाडाले."

डॉक्टरांनी मान वर केली. "रोज? कधीपासून?"

"शाळामा जावाना आगोदरपाईन."

"तिने कधी सांगितलं नाही, त्रास होतो म्हणून?"

"रोज सांगे, साहेब. मी तिले कामचोर म्हनू. एकदाव तं तोंडवरनी ओढनी मीच हात घालीसन ओढी लिधी."

शमा भिंतीपाशी उभी होती. तिचा आवाज चिरकला. "तुमी तं माले सांगेल व्हतं, सावलीमा बठस म्हनीसन." एवढंच बोलून ती दाऊदच्या बाजूने सरकली आणि अलिशाच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. दोघांच्या मध्ये लेक आली.

"त्या दिवशी खोटं का बोललात?" डॉक्टरांनी विचारलं. आवाज चढला नव्हता, पण चढला असता तर बरं असं दाऊदला वाटलं.

"लाज वाटनी."

"तुमच्या लाजेपायी मी या मुलीची शाळा बंद केली. मी." डॉक्टरांनी कागद पुढे ओढले, बराच वेळ बघितले. मग अलिशाला जवळ बोलावून पुन्हा भिंगाने तिचे हात पाहिले, मान पाहिली. "इतकी वर्षं भर दुपारचं ऊन, आणि तरी एकच फोड. म्हणजे ते विकर बंद नाही. लंगडतंय, पण चालतंय." त्यांनी शमाकडे बघून सांगितलं, दाऊदकडे नाही. पूर्ण बाह्या, हातमोजे, डोळ्यांना काळा चष्मा, तोंडापुढे किरणं अडवणारा पडदा, वर मलम. बंद गाडीने जायचं, खिडकीपासून लांब बसायचं, पटांगण नाही, दर काही महिन्यांनी तपासणी. "ही मोकळीक नाही, लक्षात ठेवा. एकही दिवस हयगय चालणार नाही. पण हे सगळं पाळलं तर शाळेत जाऊ द्या."

अलिशाने ओढणीच्या आतून विचारलं, "सोमवारपाईन?"

"सोमवारपासून," डॉक्टर म्हणाले.

बाहेर आले तेव्हा सूर्य बुडाला होता. शमा झपझप पुढे निघाली, मागे वळूनही न बघता. तिचा राग एका रात्रीत निवळणारा नव्हता आणि निवळावा असं मागायची दाऊदला सोय नव्हती. तो लेकीच्या मागून चालत होता. बरोबरीने चालायचा धीर होईना.

बाजाराच्या वळणावर त्याने शेवटी विचारलं, "बेटा, त्या दिन डॉक्टरनी तुले इचारं व्हतं. तू खरं काबर बोलनी नही? तुन्ही शाळा गयी ना."

अलिशा चालता चालता थांबली. "तठे नर्स बी व्हती ना, अब्बा. तुमले लाज वाटती."

रस्त्यावरचे दिवे लागत होते. अलिशाने आभाळाकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि ओढणीच्या टोकाला हात लावून थांबली.

"अब्बा, ऊन गयं," ती म्हणाली. "आते काढू का?"